वेळास: आधी कासव, मग पाहुणा

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत वेळासला पोचले. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, मंडणगड तालुक्यातले, बाणकोटच्या किल्ल्यापलीकडचे छोटे गाव. नाना फडणवीसांचे गाव एवढीच त्याची बाहेर ओळख होती. किनाऱ्यावर या मंडळींना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर कळले की इथे दर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि बहुतेक अंडी माणसेच उकरून नेतात. काही खाल्ली जातात, काही विकली जातात. उरलेली कुत्र्या-कोल्ह्यांच्या वाट्याला.

आज 'पर्यटनातून निसर्ग कसा सावरावा' या प्रश्नाचे उत्तर शोधायला लोक वेळासला जातात. पण त्या कथेची सुरुवात पर्यटनापासून झालेली नाही, हे मला सर्वात महत्त्वाचे वाटते. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हाती घेतली ती फक्त अंडी.

ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत चढते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येला हजारो माद्या एकदम येतात, तशा कोकणात येत नाहीत. इथे एखादी आज, एखादी चार दिवसांनी. त्यामुळे पहाटे किनारा पालथा घालून पावलांच्या खुणा ओळखणारा माणूस लागतो. ही नजर गावात कोणाकडे होती? जे आधी अंडी काढत होते, त्यांच्याकडेच. त्यांना गुन्हेगार ठरवून बाजूला सारले असते, तर काम तिथेच संपले असते. कायदा तर आधीपासून होताच. वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला कडक संरक्षण दिलेले आहे. पण पहाटे चार वाजता कायदा किनाऱ्यावर फिरत नाही.

सापडलेली अंडी न उलटवता, न हिंदकळवता कुंपण घातलेल्या हॅचरीत आणायची, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची आणि तारीख लिहायची. पुढचे काम वाळूच्या उबेचे. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात. नर होणार की मादी, हेही त्या वाळूच्या तापमानावर ठरते. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी अशी राखली गेली. चार वर्षे हेच काम चालू राहिले. पिल्ले समुद्रात जाताना पाहुण्यांना दाखवणारा कासव महोत्सव सुरू झाला तो २००६ साली, म्हणजे दाखवण्यासारखे काही गावाच्या हाती आल्यानंतर.

मग पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली. राहायला हॉटेल नव्हते, आणि ते बांधायची घाईही कोणी केली नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरले. सारवलेली ओटी, आमटी-भात, सोलकढी, उकडीचे मोदक. रांधणाऱ्या बाईच्या हातात थेट पैसे येऊ लागले आणि कासवाचे अंडे विकण्यापेक्षा कासवाचे पिल्लू समुद्रात जाताना दाखवणे परवडू लागले. अंडे एकदाच विकता येते. पिल्लू बघायला माणसे दर वर्षी येतात.

याच किनारपट्टीच्या दक्षिणेला वेगळा इतिहास घडला होता. १९८०च्या दशकात गोव्यात चार्टर विमाने उतरू लागली, किनाऱ्यांवर मोठी हॉटेले उभी राहिली. पाणी, जमीन आणि किनाऱ्यावरचा हक्क यांवरून 'जागृत गोंयकारांची फौज' ही स्थानिकांची संघटना रस्त्यावर आली. तिथे पाहुणा आधी आला आणि निसर्गाचा विचार नंतर. आज त्याच गोव्याचे सरकार 'पुनरुज्जीवक पर्यटना'ची भाषा बोलते आहे. शाश्वत पर्यटन म्हणजे जागा बिघडू न देणे; पुनरुज्जीवक म्हणजे पाहुणा येऊन गेल्यामुळे जागा सुधारणे. वेळासला हा शब्द कोणाला ठाऊकही नसताना तिथे नेमके तेच चालले होते.

वेळासची घडी निर्वेध आहे असे मात्र नाही. हॅचरीतल्या घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या सकाळी आणि संध्याकाळी उचलतात; खाली पिल्ले असतील तर सोडतात, नसतील तर नसतात. शनिवार-रविवार गाठून आलेल्या पाहुण्याला हे पचत नाही. गर्दी वाढली की मोबाइलचे दिवे, वाळूवरची पावले, दोरीपुढे जायची धडपड सुरू होते. रिकाम्या टोपलीखालची वाळू दाखवून 'आज नाही' म्हणणे हेच इथल्या व्यवसायाचे खरे कसब आहे, असे माझे मत आहे. पाहुणा नाराज होऊ नये म्हणून पिल्ले अडवून ठेवण्याचा मोह ज्या दिवशी जिंकेल, त्या दिवशी हा धंदा कासवांच्या जिवावर उठेल.

पुढे संस्था हळूहळू मागे सरली, गावातले कासवमित्र आणि वनविभाग यांनी काम सांभाळले. आंजर्ले, गुहागर आणि सिंधुदुर्गातल्या वायंगणीपर्यंत हॅचऱ्या उभ्या राहिल्या.

खरी परीक्षा २०२०मध्ये झाली. ऐन हंगामात, मार्चमध्ये, टाळेबंदी लागली आणि घरे पाहुण्यांविना रिकामी पडली. ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आले, दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागेचे आणि पाहुण्यांचे, दोन्ही उत्पन्न एका वर्षात कोसळले. तरी त्या हिवाळ्यात कासवांवर गावाची नजर होतीच. २५ जानेवारी २०२१ रोजी अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी वेळासच्या वाळूत तिचा समुद्रातला प्रवास कळावा म्हणून उपग्रह टॅग बसवला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असे टॅग लावलेली ती पहिली ऑलिव्ह रिडले, म्हणून तिचे नाव ठेवले प्रथमा.