शंभर गुणांचा कागद आणि घोड्यावरचे पंच

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ग्रँड जंक्शन गावाजवळ दर फेब्रुवारीत ‘बर्ड डॉग’ची, म्हणजे पक्षी हुडकणाऱ्या शिकारी कुत्र्यांची, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. सकाळी एक जोडी सोडतात, दुपारी दुसरी. प्रत्येक फेरी तीन तासांची. पंच घोड्यावर, त्यांच्या मागे घोड्यावरच बसलेले प्रेक्षक, आणि पुढे कुठेतरी झुडपांत दिसेनासे झालेले दोन कुत्रे. जवळजवळ दोन आठवडे हे चालतं. अखेर पंच एका कुत्र्याचं नाव जाहीर करतात. गुणपत्रक मागायला जाल तर मिळणार नाही, कारण ते नसतंच. त्याच देशात दुसऱ्या एका संघटनेच्या स्पर्धेत अर्ध्या तासाची फेरी, मैदानात ठेवलेले पाच पक्षी, प्रत्येक कृतीला गुण, आणि ज्याची बेरीज मोठी तो पहिला. कुत्रे त्याच जातींचे, कामही तेच. तरी निकाल लावायच्या तऱ्हा अशा दोन टोकांच्या.

आधी कुत्र्याचं काम काय ते पाहू. आपल्याकडचा कारवान डोळ्यांनी सावज पाहतो आणि वेगाने गाठतो. पॉइंटर आणि सेटर या बर्ड डॉगच्या जातींचं काम याच्या अगदी उलट. वाऱ्यावर आलेल्या वासावरून गवतात दबून बसलेला पक्षी ओळखायचा, आणि तिथेच थिजून उभं राहायचं. मान ताठ, शेपटी ताठ, बहुधा एक पाय उचललेला. झडप घालण्याआधीचा जो क्षणभराचा थांबा कोल्ह्या-लांडग्यातही दिसतो, तो माणसाने निवडीने ताणून मिनिटांवर नेला. या उभं राहण्याला ‘पॉइंट’ म्हणतात. इंग्लंडचे वैद्य जॉन कायस यांनी १५७० साली कुत्र्यांवर लॅटिनमध्ये जो प्रबंध लिहिला, त्यात असा कुत्रा आहे. मात्र तेव्हा बंदुकीचा संबंध नव्हता. कुत्रा जमिनीलगत दबायचा आणि शिकारी पक्ष्यांवर जाळं ओढायचे. सेटर आजही काही वेळा पोट जमिनीला टेकवतो तो त्या काळचा वारसा.

पुढे बंदूक आली, आणि नियमांची बीजं तिथे पडली. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची ती बंदूक. एकदा बार झाला की पुन्हा भरायला वेळ लागे. तेवढ्यात कुत्रा पडलेल्या पक्ष्याकडे धावला, तर वाटेत दबून बसलेले बाकीचे पक्षी उडून जात आणि शिकाऱ्याच्या हातात रिकामी बंदूक राही. म्हणून बार ऐकताच कुत्र्याने जागीच बसायचं, अशी शिकवण रुजली. आजच्या स्पर्धेत पक्षी उडाला, बार झाला, तरी कुत्रा जागचा हलता कामा नये, हा नियम म्हणजे त्या ठासणीच्या बंदुकीची उरलेली खूण आहे. तसंच दुसऱ्या कुत्र्याचं. जोडीदार पॉइंटवर दिसला की स्वतःला वास आलेला नसला तरी थांबून त्याचा मान राखायचा. नाहीतर दोघे मिळून पक्षी उडवणार. दोन्ही नियम पोटापाण्याच्या हिशेबातून आले, शिष्टाचार ते नंतर झाले.

गंमत अशी की या कुत्र्यांच्या स्पर्धा इंग्लंडमध्ये सुरू झाल्या, तेव्हा तिथे त्यांची गरज कमी होऊ लागली होती. मागून भरायची बंदूक १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर इंग्लंडमध्ये पसरली. भराभर बार काढता येऊ लागले, तसे जमीनदार एका जागी उभे राहून हाकाऱ्यांकरवी पक्षी अंगावर उडवून घेऊ लागले. हाका घालायचा तर कुत्र्याने पक्षी दाखवायची गरज काय? कामाची परीक्षा रोजच्या शिकारीत आपोआप होत होती तोवर वेगळी परीक्षा कुणाला सुचली नाही.

१८५९च्या जूनमध्ये न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर यांचं प्रदर्शन भरलं. संघटित श्वानप्रदर्शनांची सुरुवात सहसा तिथून धरतात. बक्षीस म्हणून एका स्थानिक बंदूककाराने बंदुका दिल्या होत्या. पॉइंटरच्या पंचाचा कुत्रा सेटरमध्ये पहिला आला, आणि सेटरच्या पंचाचा पॉइंटरमध्ये. त्यात लबाडी होती असं म्हणायचं कारण नाही, पण दिसण्यावरून निकाल लावण्यातली पोकळी उघडी पडायला एवढं पुरे होतं. रिंगणात उभा केलेला कुत्रा वास घेतो की नाही, हे कळणार कसं?

उत्तर सहा वर्षांनी आलं. १८ एप्रिल १८६५ रोजी बेडफर्डशरमधल्या साउथिल इथे, व्हिटब्रेड घराण्याच्या जमिनीवर, पहिली नोंदलेली ‘फील्ड ट्रायल’, म्हणजे मैदानातली प्रत्यक्ष कामाची परीक्षा, झाली. पंचांच्या हातात शंभर गुणांचा कागद होता. घ्राणशक्तीला ४०, वेग आणि फिरस्तीच्या आवाक्याला ३०, स्वभावाला १०, स्वतःच्या पॉइंटवर ठाम राहण्याला १०, जोडीदाराच्या मागे ठाम राहण्याला १०. आज वाचतानाही हा कागद शहाणा वाटतो. नाक सगळ्यात वर, आणि वळण हवंच, पण पाचवा हिस्सा. पुढची दीडशे वर्षं नियमावल्यांनी याच पाच गोष्टींची अदलाबदल केली, असं म्हटलं तरी चालेल.

अडचण कागदात नव्हती, मैदानात होती. चाळीस गुणांचं नाक मोजायला समोर पक्षी असावा लागतो. एका कुत्र्याच्या वाटेला चार ठिकाणी तितर बसलेले असतात, दुसऱ्याच्या वाटेला नुसतं ओलं शेत. सकाळी वारा असतो, दुपारी पडतो, आणि वारा पडला की उत्तम नाकाचा कुत्राही पक्ष्यावरून पुढे निघून जातो. आकडे लिहिले की निकाल नेमका दिसतो, पण त्या आकड्यांत नशीब किती आणि कुत्रा किती, हे कुणी वेगळं काढू शकत नव्हतं. मग बाद फेऱ्या आल्या. जोडीतला जिंकणारा पुढे, हरणारा घरी. ही पद्धत ग्रेहाउंडच्या सशामागच्या शर्यतींतून उचललेली. तिचा दोष उघड आहे. सर्वोत्तम दोन कुत्रे पहिल्याच चिठ्ठीत एकमेकांसमोर आले, तर त्यातला एक तिथेच संपला.

अमेरिकेतली पहिली नोंदलेली ट्रायल ८ ऑक्टोबर १८७४ रोजी टेनेसीत मेम्फिसजवळ झाली. ‘नाइट’ नावाचा काळा सेटर जिंकला. पक्षी मात्र बदलला होता. इंग्लंडमध्ये करडा तितर आणि ग्राउज, इथे बॉबव्हाइट क्वेल, आपल्या लाव्याच्या जवळपासचा, सुमारे १७० ग्रॅम वजनाचा. हे पक्षी डझनभराच्या थव्याने राहतात. रात्री शेपट्या आत आणि तोंडं बाहेर असं कडं करून बसतात. थवा एकदम भर्रकन उडतो आणि मग एकेकटा पक्षी विखरून बसतो. थवा शोधणं वेगळं आणि विखुरलेला एकटा पक्षी शोधणं वेगळं. अमेरिकी नियमांत पुढे दोन्हींचा वेगळा विचार झाला तो या सवयीमुळे.

या काळातला एक सामना मला या साऱ्या इतिहासाची किल्ली वाटतो. १८७९च्या डिसेंबरात दोन सेटर दोन दिवस समोरासमोर आले. एकीकडे ‘जो ज्युनिअर’, टेनेसीतल्या देशी कँपबेल वाणाचा. दुसरीकडे ‘ग्लॅडस्टन’, इंग्लंडच्या पर्सेल लुएलिन यांच्या कुत्र्यांच्या पोटचा, मेम्फिसच्या ब्रायसन यांचा. देशी भारी की विलायती, हा वाद मिटवायचा होता, म्हणून निकाल अगदी सरळ ठेवला. पक्ष्यांवरच्या कामाची मोजणी, बस्स. जो ज्युनिअर ६१, ग्लॅडस्टन ५२. देशी जिंकला. पण नंतर पैदाशीसाठी लोक कुणाकडे गेले? ग्लॅडस्टनकडे. त्याचं रक्त देशभर पसरलं, आणि कँपबेल वाण हळूहळू विस्मरणात गेलं. ज्यांनी दोन दिवस डोळ्यांनी पाहिलं त्यांना ५२वाल्या कुत्र्यात ६१पेक्षा जास्त काही दिसलं होतं. ते बरोबर होते की फॅशनच्या मागे लागले होते, यावर वाद घालता येईल. पण मोजणीवरचा विश्वास असा आतूनच सुटत गेला.

एकोणिसावं शतक संपेपर्यंत नवी रीत बसली. सगळे कुत्रे पळू द्यायचे, पंचांनी सर्वात चांगली दोन-तीन कामं डोक्यात ठेवायची, नवा कुत्रा त्यांना मागे टाकतो का एवढं बघायचं, आणि शंका उरली तर निवडक कुत्र्यांना पुन्हा बोलवायचं. गुण नाहीत, चिठ्ठीचं नशीब नाही. पंचांच्या डोळ्यावर मात्र सगळा भार आला. पंच कोण, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत या खेळातला सगळ्यात तापणारा विषय आहे.

राष्ट्रीय अजिंक्यपद १८९६ साली मिसिसिपीतल्या वेस्ट पॉइंट गावी सुरू झालं. पहिला विजेता ‘काउंट ग्लॅडस्टन चौथा’. नावावरूनच वंश कळतो. पुढे स्पर्धा ग्रँड जंक्शनला आली आणि १९१५पासून एम्स प्लँटेशनवर स्थिरावली. हे प्लँटेशन फावड्यांच्या कारखान्याचे मालक होबार्ट एम्स यांनी १९०१ साली घेतलं होतं. अजिंक्यवीर कसा असावा याचं एम्स यांनी जे वर्णन लिहून ठेवलं, ते आजही पंचांच्या हाती असतं. त्यात एकही आकडा नाही. कुत्र्याला पक्ष्याची समज हवी, थव्यावर आणि एकट्या पक्ष्यावर काम निर्दोष हवं, पक्षी चालून गेला त्या मातीचा वास आणि प्रत्यक्ष अंगाचा वास यातला फरक त्याला झटकन कळायला हवा. डोकं, डोळे, नाक तिन्ही वापरून संभाव्य जागा हुडकायला हव्यात. वेग, आवाका, धाडस, दम हवा, आणि शिस्तही. तीन तासांची फेरी आहे ती दमासाठी.

मैदानात हे असं दिसतं. कुत्रा पॉइंटवर सापडला की हँडलर, म्हणजे कुत्रा हाताळणारा माणूस, टोपी उंचावून ओरडतो, घोड्यावरून उतरतो, पक्षी उडवतो आणि कोरा बार काढतो. पक्षी मारत नाहीत. पक्षी उडताना कुत्रा मागे धावला की खेळ संपला. पॉइंट दाखवला पण पक्षी निघाला नाही, तर ते खात्यावर राहतं, आणि असं वारंवार झालं की नाकावरचा भरवसा उडतो. जोडीदाराच्या पॉइंटमध्ये घुसणं अक्षम्य. फार काळ नजरेआड राहिलेला कुत्राही बाद होतो, मग तो त्या वेळात कितीही सुंदर काम करत असो. सुरुवातीची बरीच वर्षं सेटरांचीच सद्दी होती. १९०९ साली ‘मॅनिटोबा रॅप’ हा ही स्पर्धा जिंकणारा पहिला पॉइंटर ठरला, आणि नंतर पारडं इतकं फिरलं की १९७०च्या ‘जॉनी क्रॉकेट’नंतर सेटर थेट २०१३ साली जिंकला. तो ‘शॅडो ओक बो’. पुढच्या वर्षीही तोच.

दरम्यान पक्षीच कमी होऊ लागले. लहान कापूस-मक्याची शेतं, बांध, झुडपं यांच्यात बॉबव्हाइट वाढला होता. शेती मोठी आणि स्वच्छ झाली, जंगलातल्या आगी विझवायचं धोरण आलं, तशी त्याची जागा गेली. हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी १९२०च्या दशकात जॉर्जिया-फ्लोरिडा सीमेवर अभ्यास करून ठरवून लावलेली आग या पक्ष्याला लागते हे दाखवलं. मोठ्या इस्टेटींनी ते ऐकलं, बाकी देशाने नाही. १९६६नंतर बॉबव्हाइटची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली आहे.

साध्या शिकाऱ्याकडे ना घोडे, ना हजारो एकर. त्याच्यासाठी १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंडियानातल्या काही मंडळींनी नॅशनल शूट टू रिट्रीव्ह असोसिएशन उभी केली, आणि गुणांचा कागद परत आला. सुमारे ४० एकरांचं मैदान, पाळीव पैदाशीचे पाच पक्षी, हँडलर पायी. पक्षी शोधल्याबद्दल दर वेळी १०० पर्यंत, मारलेला पक्षी आणून दिल्याबद्दल पुन्हा १०० पर्यंत, मैदान पिंजण्याला १००, आज्ञापालनाला ७५, जोडीदाराचा मान राखण्याला ७५. बेरीज करून बघा. तीन पक्षी शोधून आणले की सहाशेच्या घरात, आणि बाकी सगळं मिळून अडीचशे. म्हणजे पारडं सरळ पक्ष्यांच्या संख्येकडे झुकलेलं. बार झाल्यावर जागीच राहायची सक्ती इथे नाही. रानातलं नशीब गेलं, पण पाच पक्षी दोघांत असल्याने जोडीदार कोण मिळाला हे नशीब उरलंच. भारतात रानातले पक्षी मारायची अशी स्पर्धा कायद्याने शक्य नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला तितर-लावा मारणं गुन्हा आहे.

१९६९ साली स्थापन झालेल्या नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशनने तिसरीच वाट धरली. तिथे कुत्रा कुत्र्याशी लढत नाही. ठरलेल्या कसोटीवर प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा होते, आणि पात्र ठरले तर त्या दिवसाचे सगळे कुत्रे प्रथम श्रेणीत येऊ शकतात. १६ महिन्यांपर्यंतच्या पिल्लांच्या नैसर्गिक क्षमतेच्या चाचणीत प्रत्येक बाबीला ० ते ४ देऊन ठरावीक पटीने गुणतात. एकूण ११२, त्यातले २४ नाकाचे. पॉइंटला १६, शोधाला २०, पाण्यात उतरण्याला २०, सहकार्याला ८.