सवलत आणि आधार: डिस्लेक्सियाच्या मुलांबाबतचा जुनाच घोळ

नववीची सहामाही झाली की फोन सुरू होतात. "मॅडम, सर्टिफिकेट कुठून काढायचं?" दहावीच्या परीक्षेत सवलती मिळवून देणारा डिस्लेक्सियाचा दाखला त्यांना हवा असतो. डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, आणि मुलाला वाचायला त्रास होतो हे घरात तिसरीपासून माहीत असतं. मधल्या वर्षांत काय केलं, हे विचारणं मी आता सोडून दिलंय.

सवलती तुम्हाला पाठच असतील: तासामागे 20 मिनिटं जादा, लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा), कॅल्क्युलेटर, एखाद्या भाषेतून सूट. सरकारी रुग्णालयाचा दाखला आणि शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज. संपलं.

आधार म्हणजे हे नव्हे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कलमांत ठेवल्या आहेत. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे कलम 17 मध्ये. त्याच्या आधीचं कलम 16 सांगतं, की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर शिकवण्याचे उपाय करा. पालकसभेत 17 सगळ्यांना तोंडपाठ असतं. 16 काढलं की शांतता.

फरक असा. वाचताच न येणाऱ्या मुलाला तीन तासांच्या पेपरला एक तास जादा दिला, तर तो चार तास त्याच कागदाकडे बघत बसतो. लेखनिक सांगाल ते लिहून देईल, पण सांगायचं काय ते कोणीतरी आधी शिकवायला हवं ना? ते शिकवणं म्हणजे आधार. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी छापील कागद हातात देणं. इतिहासाचं उत्तर तोंडी घेणं. उद्या कोणता परिच्छेद वाचायला सांगणार, हे आजच कानात सांगून ठेवणं. जोडाक्षरं वाळूत, पाटीवर, पुन्हा पुन्हा गिरवून घेणं. (आणि मराठी शाळेतल्या मुलाला 'बी' आणि 'डी' उलटे काढतो का, म्हणून तपासू नका हो! घ-ध, भ-म, वेलांट्या बघा.) यातल्या एकाही गोष्टीला दाखला लागत नाही.

एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलांच्या पालकांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. पण यादीत नाव नाही एवढ्यावरून वर्गातला आधार थांबवायचं कारण नाही.

'स्लो लर्नर' आणि डिस्लेक्सिया यांतला फरक? 'स्लो लर्नर' मुलाचा बुद्ध्यांक सरासरीपेक्षा थोडा कमी असतो आणि त्याला सगळेच विषय हळू जमतात; डिस्लेक्सियात बुद्धी सहसा ठीक असते, अडतं ते वाचन-लेखन.

सवलत कागदावर चालते, आधाराला माणसं लागतात आणि ती एकमेकांशी बोलावी लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत गट साधन केंद्रातून (तालुक्याच्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातून) येणारे विशेष शिक्षक अनेक शाळा सांभाळतात. ते गेले की मधले दिवस वर्गशिक्षकांचे आणि आईबाबांचे. रुग्णालयात तपासणी करणाऱ्याला वर्ग माहीत नसतो आणि वर्गशिक्षकांना तपासणीत काय निघालं ते माहीत नसतं. मी पाहिलेले बहुतेक अहवाल इंग्रजीत, आठ-दहा पानी, आकड्यांनी भरलेले. त्यातून 'या मुलाला काय जमतं, काय अडतं, सोमवारपासून काय करायचं' एवढं अर्ध्या पानावर मराठीत उतरवून घ्या. सगळ्यांना एकत्र बसवून त्यावर वीस मिनिटं बोला. शॅडो टीचर (वर्गात फक्त या मुलासोबत बसणारी मदतनीस) ठेवण्याआधी हे करा, फुकट आहे.

त्यामुळे फोनवर हल्ली मीच आधी विचारते, अहवालाची प्रत गणिताच्या सरांनी पाहिली आहे का? उत्तर ठरलेलं असतं: "ती ऑफिसात जमा केली."