क्षणिक क्ष-किरण उद्गमाचा शोध

क्षणिक क्ष-किरण उद्गमाचा शोध : आकाशात पूर्वी क्ष-किरण उद्गमाची नोंद नसलेल्या जागी अचानक प्रखर झालेला आणि बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत मावळणारा उद्गम ओळखून त्याचे स्थान ठरविणे. वातावरण क्ष-किरण शोषून घेते, त्यामुळे हे निरीक्षण मुख्यतः रॉकेट किंवा उपग्रहावरून होते. त्याला रात्रीचे बंधन नसते, फक्त सूर्याची दिशा टाळावी लागते.

असा पहिला उद्गम म्हणून सामान्यतः नरतुरंग तारकासमूहातील सेंटॉरस एक्स-2 चा निर्देश होतो. 1967 मध्ये ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथून सोडलेल्या रॉकेटांवरील उपकरणांना तो आढळला. मात्र रॉकेट काही मिनिटेच वातावरणाबाहेर राहत असल्याने त्याचे स्थान ढोबळच मिळाले, आणि हा तारा नेमका कोणता, हा वाद तेथूनच सुरू झाला. जपानच्या ‘गिंगा’ उपग्रहाला 1987 मध्ये दिसलेला जीएस 1354−64 हाच तो असावा, असे एक मत आहे. स्थान पाहता ते ग्राह्य वाटते. परंतु 1987 चा उद्रेक 1967 च्या मानाने खूपच कमी तेजस्वी होता, हे ध्यानात घेता ही ओळख संभाव्य म्हणणेच इष्ट.

ए 0620−00 या उद्गमाबाबत अशी संदिग्धता नाही. ‘एरियल-5’ उपग्रहाला तो 3 ऑगस्ट 1975 रोजी शृंगाश्व तारकासमूहात दिसला. ‘ए’ हे एरियलचे आद्याक्षर, 0620 म्हणजे विषुवांश (आकाशातील पूर्व-पश्चिम स्थान) 6 तास 20 मिनिटे आणि −00 ही अंशांतील क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर). काही दिवसांतच तो क्रॅब अभ्रिकेच्या (क्ष-किरण तेजस्वितेच्या तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या स्थिर उद्गमाच्या) सु. 50 पट तेजस्वी झाला. हार्वर्ड वेधशाळेच्या जुन्या छायाचित्रकाचांवर याच ताऱ्याचा 1917 मधील दृश्य प्रकाशातील उद्रेकही सापडला. पुढे 1986 मध्ये या जोडताऱ्यातील अदृश्य घटकाचे वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून अधिक असल्याचे दाखविण्यात आले, म्हणजे तो कृष्णविवर ठरतो.

अशा जोडताऱ्यांत सोबत्याकडून ओढलेला वायू तबकडीच्या रूपात साठतो. त्यातील हायड्रोजन सु. 10,000 केल्व्हिनच्या आसपास आयनीभूत झाला की वायू वेगाने आत सरकतो व उद्रेक होतो, हे स्पष्टीकरण सर्वाधिक मान्य आहे.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील ‘मॅक्सी’ उपकरण सु. 92 मिनिटांत बहुतेक आकाश चाचपते. नवी चमक दिसल्यावर ती ज्ञात उद्गमाची किंवा भारित कणांच्या माऱ्याची तर नाही, हे तपासतात. मग ‘स्विफ्ट’सारख्या उपग्रहाची दुर्बीण तिकडे वळवून स्थान काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) बांधून घेतात. भुजंगधारी तारकासमूहातील मॅक्सी जे1820+070 हा उद्गम मॅक्सीला 11 मार्च 2018 रोजी आढळला, पण दृश्य प्रकाशात तो पाच दिवस आधीच एएसएएसएसएन-18ईवाय या नावाने नोंदला गेला होता. तेव्हा शोधाची तारीख देताना ती कोणत्या प्रारणातील आहे, हेही सांगणे आवश्यक ठरते.