डबीत दोनशे पिना कशासाठी?

‘दर गाण्याला पिन बदला, असं ग्रामोफोन कंपन्या सांगायच्या ते निव्वळ पिना खपवायला’ हा दावा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. रेकॉर्डच्या दुकानात 200 पिनांची पत्र्याची डबी हमखास मिळायची आणि तिच्यावर कमाईही व्हायची, हे खरं. पण सल्ला खोटा नव्हता.

मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड लाखेची, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात लाख फार तर तिसरा हिस्सा, तीही मिश्रण बांधून धरण्यापुरती. बाकी बहुतेक दगडाची वस्त्रगाळ पूड, रंगासाठी काजळी, थोडे कापसाचे तंतू. ही पूड मुद्दामच खरखरीत ठेवलेली. पिन धरणाऱ्या आणि तिच्या कंपनांचा आवाज करणाऱ्या डबीचा, म्हणजे साउंडबॉक्सचा, भार शंभर ग्रॅमच्या घरात. नव्या पिनेचं टोक खाचेत 0.05 बाय 0.05 मिलिमीटर एवढंच टेकतं असं धरलं, तर दाब येतो दर चौरस सेंटीमीटरला 4 टन! असं टोक खाच फाडणारच. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांतच पूड पोलादाला कानशीसारखी घासते, टोक खाचेच्या आकाराचं होतं, टेकण्याची जागा वाढते आणि दाब उतरतो.

घासणं मात्र तिथे थांबत नाही. 10 इंची रेकॉर्डच्या एका बाजूची खाच सुमारे सव्वाशे मीटर लांब. शेवटाला पिनेच्या टोकावर दोन्ही अंगांना चपटे, धारदार काठ तयार होतात. तीच पिन काढून पुन्हा बसवली की ती किंचित फिरते आणि हे काठ खाचेच्या भिंती खरवडतात. आधी तार स्वर जातात, मग खाचा राखाडी दिसू लागतात.

हीच लाख बहुतांशी भारतातून जाई. युद्धामुळे 1942 मध्ये अमेरिकेत रेकॉर्डसाठीच्या लाखेत 70 टक्के कपात झाली, तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकांकडून जुन्या रेकॉर्ड परत घेऊ लागले. लाख तापवली की पुन्हा मऊ होते, त्यामुळे त्या दळून नव्यात मिसळता येत. 1948 मध्ये व्हिनाइल या प्लॅस्टिकची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली. तिच्यात दगडाची पूड नाही, भार काही ग्रॅमचा आणि पिन टिकाऊ.

शोभेच्या पितळी कर्ण्याच्या नव्या ग्रामोफोनवर ‘अस्सल, उबदार आवाज’ म्हणून एलपी वाजवणारे तिचा एकदा वाजवण्यातच निकाल लावतात. उलट, एलपीची बारीक पिन 78च्या खाचेत तळाशी घसरत राहते. तिथे 75 मायक्रॉन त्रिज्येचं टोक हवं. आणि लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख विरघळते. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा थेंब पुरे. लेबल मात्र कोरडं ठेवा.