निखाऱ्यासाठी घडवलेले शिल्प

मातीचे जाड, भरीव शिल्प घाईने भट्टीत घातले तर ते बहुधा फुटते. वरून कोरड्या दिसणाऱ्या मातीच्या गाभ्यात पाणी उरलेले असते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती मातीच फोडून निघते. म्हणून मृत्तिकाशिल्प आतून पोकळ ठेवावे लागते आणि त्या पोकळीला कुठे तरी छिद्रही ठेवावे लागते. एरवी शिल्पकार हे छिद्र तळाशी लपवतो. धुपाटण्याला मात्र पोकळी आणि छिद्र या दोन्ही गोष्टी स्वतःच्या कामासाठीच हव्या असतात. जपानमध्ये ‘कोरो’ नावाने ओळखले जाणारे मातीचे धुपाटणे शतकानुशतके शिल्पकलेच्या इतके जवळ राहिले, त्यामागे देवघर आणि चहासमारंभ यांच्या परंपरेइतकेच हे भौतिक कारणही आहे, असे मला वाटते.

कानाझावा येथील इशिकावा प्रांतीय कला संग्रहालयात १७व्या शतकातील क्योतोचे कुंभार नोनोमुरा निन्सेई यांनी घडवलेले, फेझंट या लांब शेपटीच्या पक्ष्याच्या आकाराचे एक रंगीत धुपाटणे आहे. जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. पक्ष्याचे शरीर आडवे दोन भागांत विभागलेले आहे: खालच्या भागात राख आणि निखारा, वरचा भाग म्हणजे झाकण आणि पाठीवर धूर निघण्याची छिद्रे. पाहणाऱ्याचे लक्ष रंगांकडे जाते. जाणकाराची नजर मात्र शेपटीवर खिळते. सुमारे ४८ सेंटिमीटर लांबीच्या या पक्ष्याची शेपटी कसलाही आधार न घेता सरळ मागे गेलेली आहे. तापमान १२०० अंशांच्या आसपास पोहोचले की मातीतील काही खनिजे वितळून त्यांची काच बनते. हीच काच मातीच्या कणांना कायमचे बांधते, पण ती वितळलेली असताना सगळी वस्तू किंचित मऊ पडते आणि अधांतरी भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकू लागतो. शिवाय वाळताना आणि भाजताना मातीची लांबी साधारण एक दशांशाने, कधी त्याहूनही जास्त, कमी होते. अशा स्थितीत शेपटी सरळ राखणे आणि झाकणाची कड खालच्या कडेशी जुळवून आणणे हे फार कठीण काम आहे.

आधुनिक काळात भांडे आणि शिल्प यांच्या नात्याचा प्रश्न वेगळ्या दिशेने पुढे आला. १९४८ मध्ये क्योतोत यागी काझुओ, सुझुकी ओसामु, यामादा हिकारु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोदेइशा’ हा गट स्थापन केला. मातीची वस्तू उपयोगाचे भांडे असलीच पाहिजे, हे बंधन त्यांनी नाकारले. यागी यांचे १९५४ मधील ‘श्री. साम्सा यांचा फेरफटका’ हे शिल्प म्हणजे चाकावर घडवून उभे केलेले एक कडे आणि त्याला चिकटवलेल्या नळ्या. त्यात काही ठेवता येत नाही. या चळवळीनंतर जपानी कुंभाराला भांड्याचे तोंड बंद करून निव्वळ शिल्प करण्याची मोकळीक मिळाली. आजचा जो कलावंत तरीही धुपाटणेच घडवतो, तो ही मोकळीक असूनही एक अट आपणहून स्वीकारतो: आतला निखारा जिवंत राहिला पाहिजे.

ही अट प्रत्येक धुपाटण्याला सारखी लागू होत नाही. सुगंधाच्या पारंपरिक विधीत, म्हणजे कोदोमध्ये, वापरतात ते धुपाटणे एका हातावर मावणारे, पेल्यासारखे असते. त्यात पेटता कोळसा राखेत पुरतात, वर अभ्रकाची पातळ चकती ठेवतात आणि तिच्यावर अगरूच्या लाकडाचा इवलासा तुकडा. बुरशीचा संसर्ग किंवा जखम झालेल्या झाडात तयार होणारी राळ या लाकडात असते. आसामकडे वाढणारे अगरूचे झाडही याच कुळातले. मंद उष्णतेने राळेतील सुगंधी संयुगे जळण्याऐवजी बाष्परूप होतात, त्यामुळे धूर जवळजवळ नसतोच.

शिल्पाची खरी गुंतागुंत सुरू होते ती धूर काढणाऱ्या, झाकणाच्या धुपाटण्यात. धुमसणाऱ्या धुपाला ऑक्सिजन लागतो. सगळी छिद्रे एकाच उंचीवर असतील तर वर जाणारा गरम वायू आणि आत येऊ पाहणारी थंड हवा एकमेकांच्या वाटेत येतात आणि निखारा मंदावतो. खाली एखादी फट ठेवली की हवेचा ओघ सुरू होतो, आणि वरच्या व खालच्या छिद्रांमधील उंची जितकी जास्त तितका तो जोरकस होतो. ओघ फार वाढला तर धूप भराभर जळतो. म्हणजे सिंहाच्या आकाराच्या धुपाटण्याचा जबडा किती उघडा ठेवायचा किंवा अमूर्त आकाराला चीर कुठे द्यायची, हे ठरवताना डोळ्याइतकाच हवेचाही विचार करावा लागतो.

बाहेर आलेला धूर स्थिर हवेत काही अंतर सरळ रेषेत चढतो, वर जाताना वेग घेतो आणि मग एकाएकी लाटा व भोवऱ्यांमध्ये मोडतो. त्याचा रंगही त्याच्या प्रवासावर अवलंबून असतो. ताज्या धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असल्याने निळ्या प्रकाशाचे विकिरण अधिक करतात आणि धूर निळसर दिसतो. झाकणाखाली रेंगाळताना हे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले, की तो पांढुरका होतो. पोकळी केवढी ठेवायची या एका निर्णयाने धुराचा रंग बदलू शकतो.

झाकणाच्या आतल्या बाजूवर धुरातील तेलकट द्रव्ये थिजून तपकिरी थर साचतो. काचेसारख्या लेपावरून तो पुसता येतो, पण लेप न दिलेल्या सच्छिद्र मातीत वास मुरतो आणि पुढच्या धुपात मिसळतो. संग्रहालयांत ही शिल्पे बहुधा झाकण लावून, थंड अवस्थेत मांडलेली असतात. झाकण उचलून शेजारी ठेवले, तर आतली भिंत, राखेची जागा आणि हवेच्या वाटाही प्रेक्षकाला दिसतील, आणि कलावंताने घेतलेले निम्मे निर्णय तिथेच आहेत.