महाविद्यालयीन खेळाडू आणि सट्टा (अमेरिका)

महाविद्यालयीन खेळाडूंना खेळांवर पैसे लावू द्यावेत की नाही, हा अमेरिकेतला जुना वाद आहे. तेथील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएएचा नियम कडक आहे. ज्या खेळांत ही संस्था अजिंक्यपद स्पर्धा भरवते, त्या खेळांच्या कोणत्याही सामन्यावर, मग तो व्यावसायिक का असेना, खेळाडू व प्रशिक्षकांना पैज लावता येत नाही. जलतरणाच्या संघातल्या मुलीने व्यावसायिक बास्केटबॉलवर मोबाइलवरून पाच डॉलर लावले, तरी नियम मोडतोच.

या कडकपणाचे मूळ ‘पॉइंट शेव्हिंग’मध्ये आहे. यात सट्टेबाजांकडून पैसे घेतलेल्या खेळाडूंनी सामना हरायचा नसतो, फक्त पैजेत धरलेल्या फरकापेक्षा कमी फरकाने जिंकायचा असतो. दहा गुणांनी जिंकेल असा भाव असलेला संघ सहाच गुणांनी जिंकतो. बास्केटबॉलमधला एखादा फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर पडतो, बचाव करताना एक पाऊल उशिरा पडते, आणि विजयाच्या जल्लोषात कोणालाच काही खटकत नाही. १९५० मध्ये देशातल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या दोन्ही प्रमुख स्पर्धा जिंकणाऱ्या सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कच्या खेळाडूंना १९५१ मध्ये याच प्रकरणात अटक झाली. १९७८-७९ च्या हंगामात बॉस्टन कॉलेजमध्ये हेच घडले. १९८५ मध्ये असे प्रकरण उघडकीस आल्यावर टुलेन विद्यापीठाने आपला पुरुष बास्केटबॉल संघच काही वर्षे बंद ठेवला.

१४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक राज्यांना खेळांवरील सट्टा कायदेशीर करण्यास मनाई करणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द ठरवला. त्यानंतर एकामागून एक राज्यांनी सट्टा कायदेशीर केला आणि बुकी थेट मोबाइलमध्ये आला. २०२३ मध्ये आयोवातील दोन मोठ्या विद्यापीठांच्या खेळाडूंची चौकशी झाली. काहींवर फौजदारी आरोपही ठेवले गेले, पण त्यांतले काही पुढे मागे घ्यावे लागले.

मोकळीक मागणाऱ्यांचा मुद्दा असा, की वर्गातला सज्ञान मित्र कायद्याने जे करू शकतो, ते खेळाडूला का नाही? व्यावसायिक संघांच्या आतल्या गोटातली माहिती त्याच्याकडे थोडीच असते? मुद्दा रास्त आहे, पण अपुरा. धोका माहितीइतकाच कर्जाचाही आहे. व्यावसायिक सामन्यांवर हरलेला विशीतला मुलगा पैसे फेडण्यासाठी स्वतःच्या सामन्याकडे वळू शकतो, आणि त्याला गाठणारे नेमके हेच हेरतात. म्हणून सरसकट बंदीच अधिक सुरक्षित वाटते. मात्र किरकोळ चुकीसाठी कारकीर्द संपवू नये. २०२३ मध्ये एनसीएएने छोट्या रकमांसाठीच्या शिक्षा सौम्य केल्या, ते योग्यच झाले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यावसायिक खेळांवरील पैजांना परवानगी देण्याचा निर्णय झाला होता. पण तो अमलात येण्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीतील दोन-तृतीयांश संस्थांनी मतदान करून तो मागे घ्यायला लावला. एकट्या खेळाडूच्या कामगिरीवर लागणाऱ्या पैजा हा वेगळा प्रश्न आहे. अमुक खेळाडू किती गुण करेल यावर पैसे लागले, की त्याचा दुखावलेला घोटासुद्धा विकाऊ बातमी होते, आणि पैज हरलेले अनोळखी लोक त्यालाच शिवीगाळ करणारे संदेश पाठवतात. ओहायो आणि मेरीलँड यांनी २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंवरील अशा पैजा बंद केल्या.