थेंबही न घेणाऱ्यांचं फॅटी लिव्हर

रामबाग असो की सुदामा नगर, इंदूरच्या मराठी घरात सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ दिसलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: “अहो, पण हे तर थेंबही घेत नाहीत!” मागोमाग नातेवाइकांची तिरकी नजर. या संशयाची मुळं डॉक्टरीच्या इतिहासातच आहेत.

लंडनचे थॉमस ॲडिसन यांनी १८३६ मध्ये चरबीने भरलेल्या लिव्हरबद्दल लिहिलं, ते दारूच्या संदर्भात. तो शिक्का मग कायम राहिला. १९५२ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल झेलमन यांनी लठ्ठ माणसांची लिव्हर तपासली. त्यांचं लक्ष वेधलं होतं इस्पितळातल्या एका मदतनिसाने. हा गडी दिवसाला वीसहून जास्त बाटल्या कोला प्यायचा आणि त्याचं लिव्हर बिघडलेलं होतं. म्हणजे साखरेचा धागा तेव्हाच हाती आला होता, पण तो कुणी फारसा ओढला नाही. १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांची माहिती छापली. बायोप्सी हुबेहूब दारुड्याची, माणसं मात्र न पिणारी. बहुतेक लठ्ठ, अनेकांना मधुमेह. ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे नाव तिथून रुळलं. आजार काय आहे हे सांगण्याऐवजी काय नाही तेवढंच सांगणारं हे नाव बदलायला २०२३ उजाडावं लागलं. आता त्यात दारूचा उल्लेख नाही, चयापचयातल्या बिघाडाचा आहे.

बिघाड असा: इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासं झालं की पोटावरच्या चरबीतून फॅटी ॲसिड सुटून लिव्हरकडे जातात, आणि जास्तीची साखर लिव्हर स्वतःच चरबीत बदलतं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. बंगालमधल्या बीरभूमच्या खेड्यांतला अभ्यास २०१० मध्ये आला. फॅटी लिव्हर आढळलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या आत होता. अंगाने किडकिडीत, तरी लिव्हरमध्ये चरबी! म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच इंचपट्टीही महत्त्वाची: कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० ओलांडली की सावध व्हावं.

इंदूरकर लगेच पोह्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. मला ते पटत नाही. वर मूठभर शेव भुरभुरलेली पोह्यांची प्लेट आणि सोबत जलेबी गिरणी कामगारही खात होता, पण पुढे पाळीभर उभं राहून राबत होता. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली. बाकीच्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. शहराचं काम खुर्चीवर आलं, प्लेट मात्र तीच राहिली. वर घरी जेवून रात्री अकराला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद), मग रबडी. खरी गोची त्या दुसऱ्या जेवणाची आहे.

सरकारने २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. अमेरिकेत पहिल्या खास औषधाला मान्यता मिळाली ती थेट २०२४ मध्ये. तोवर उपाय एकच होता, आणि आजही पहिला तोच: वजन ५ टक्के उतरलं तर लिव्हरमधली चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांवर सूजही ओसरू लागते. म्हणजे ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो, तेही सावकाश. केमिस्टकडून परस्पर आणलेल्या ‘लिव्हर टॉनिक’ने हे होत नाही.

राहिला तो ‘ग्रेड’. सोनोग्राफीतला ग्रेड चरबीचा अंदाज देतो; लिव्हर किती निबर झालंय, म्हणजे फायब्रोसिस किती, ते सांगत नाही. त्यासाठी वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी लिव्हरची एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून एफआयबी-४ हा आकडा काढतात आणि गरज वाटली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करतात. मधुमेह असेल तर एसजीपीटी नॉर्मल आलं तरी हा आकडा डॉक्टरांकडून काढून घ्यावा. लिव्हर निबर होत असतानाही एसजीपीटी नॉर्मल असू शकतं.